वाचक विचारतात : पाळत कोणाची, किती दिवसांची?

सार्वजनिक जागी वाढत चाललेल्या कॅमेऱ्यांविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत दोन तट सरळसरळ दिसतात. काहींना माणसाच्या मोकळेपणावर घातलेले कोणतेही बंधन अन्यायाचे वाटते, तर काहींना सुरक्षिततेचा विषय निघाला की बाकीचे सगळे प्रश्न चैनीचे वाटतात. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत. याच विषयावरच्या सदरात ती छापणे शोभले नसते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि आयुष्यभर सरळमार्गाने वागलो. माझे फोन कोणी ऐकले किंवा मी कोठे जातो हे कोणी नोंदवून ठेवले, तर माझे काय बिघडणार आहे? ज्याच्यापाशी लपवण्यासारखे काही आहे, त्यानेच चिंता करावी. यात काय चुकते?

उत्तर : नोंद ठेवणारा, नोंदीचा हेतू आणि आजचा कायदा या तिन्ही गोष्टी आहेत तशाच राहतील असे आपण धरून चालला आहात, आणि चुकते ते येथेच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंद अत्यंत शिस्तीने ठेवली जात असे. प्रत्येक रहिवाशाच्या कार्डावर नाव, जन्मतारीख, पत्ता आणि धर्मही असे. तो रकाना भरताना आपण काही धोक्याची गोष्ट सांगत आहोत असे कोणाच्या मनातही आले नसणार, कारण तेव्हा ती धोक्याची नव्हतीच. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने देश ताब्यात घेतला आणि सरकारी सोयीसाठी जमवलेली ही माहिती माणसे हुडकण्याच्या कामी आली. तेथील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. एवढा संहार केवळ नोंदवहीमुळे झाला असे म्हणता येणार नाही, पण तिने काम सोपे केले हे मात्र खरे.

२७ मार्च १९४३ च्या रात्री प्रतिकार चळवळीतले काही जण पोलिसांच्या वेषात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले. त्यांनी पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध दिले, कार्डांचे ढीग जमिनीवर पाडले आणि इमारत स्फोटके लावून पेटवली. अग्निशमन दलातल्या सहानुभूतीदारांनी येण्यास जाणूनबुजून उशीर केला आणि आल्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारले, म्हणजे जे जळले नाही ते भिजून तरी जावे. एवढे करूनही सुमारे १५ टक्केच नोंदी नष्ट झाल्या आणि त्या कामगिरीसाठी १२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. एकदा जमवलेली माहिती पुसणे किती अवघड असते, हे याहून स्पष्टपणे सांगणारा प्रसंग मला ठाऊक नाही.

दुसरे असे की, आपले फोन हे केवळ आपले नसतात. आपण शिक्षक होता. घरी काही बिनसले म्हणून वर्ग सुटल्यावर मागे थांबून, दाराकडे एकदा पाहून मग आपल्याशी बोलू लागलेला एखादा विद्यार्थी आपल्याला आठवत असेल. आपले संभाषण ऐकण्याची परवानगी आपण उदारपणे देऊन टाकता, तेव्हा त्याचे संभाषणही त्यात जाते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

प्रश्न : सीटबेल्ट लावायचा की नाही, लस घ्यायची की नाही, हा माझ्या शरीराचा प्रश्न आहे. सरकारने माझ्या जिवाची काळजी माझ्यावर का लादावी?

उत्तर : आपण एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न बांधले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. सीटबेल्टमध्ये जीव मुख्यतः आपला असतो, तर लसीमध्ये तो शेजाऱ्याचाही असतो.

पहिल्या प्रश्नावर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये दिलेले एक उदाहरण अजूनही उपयोगी पडते. कच्च्या झालेल्या पुलावर कोणी पाय ठेवत असेल आणि त्याला सावध करायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे. कारण त्याला पलीकडे जायचे असते, नदीत पडायचे नसते. मात्र धोका केवळ संभाव्य असेल आणि माणूस शुद्धीवर असलेला, जाणता असेल, तर त्याला सांगावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा, असे मिल पुढे म्हणतात. या कसोटीवर सीटबेल्टची सक्ती काटेकोरपणे बसत नाही, हे मी मान्य करतो. तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा १९५९ मध्ये आला आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये तो लावणे सक्तीचे केले, तेव्हाही आपल्यासारखीच हरकत घेतली गेली होती. तरीही मी सक्तीच्या बाजूने आहे, कारण ती माणसाकडून जे मागते ते फारच थोडे आहे आणि त्यासाठी त्याच्याविषयी कोणतीही माहिती कोठेही साठवावी लागत नाही.

लसीचे तसे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये देवीच्या सक्तीच्या लसीकरणाला मान्यता दिली आणि सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीवर बंधने घालता येतात हे तत्त्व तेथे पक्के झाले. या निकालाचा दाखला देणारे एक गोष्ट हटकून विसरतात : त्या खटल्यात नकाराची शिक्षा ५ डॉलर दंड एवढीच होती. कोणाला धरून बळजबरीने सुई टोचण्याचा प्रश्नच तेथे नव्हता.

बंधन किती जड होऊ शकते हे पाहायचे असेल, तर मेरी मॅलन यांची हकीगत पाहावी. न्यूयॉर्कमध्ये घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या या बाईंच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते, पण त्या स्वतः ठणठणीत होत्या. त्यामुळे आपल्यामुळे कोणी आजारी पडते यावर त्यांचा विश्वासच बसेना. १९०७ मध्ये त्यांना एका बेटावरच्या रुग्णालयात विलग ठेवले गेले आणि स्वयंपाकाचे काम करणार नाही या वचनावर १९१० मध्ये सोडण्यात आले. त्यांनी कपडे धुण्याचे काम धरले, पण त्यात मिळकत कमी होती. काही वर्षांनी नाव बदलून त्या पुन्हा स्वयंपाकाकडे वळल्या आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात २५ जणांना विषमज्वर झाला, त्यांतले दोघे दगावले. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पुन्हा त्याच बेटावर होत्या. दोन्ही वेळचा काळ मिळून जवळपास २६ वर्षे होतो.

दुसऱ्या खेपेस त्यांनी केले ते माझ्या मते अक्षम्य होते. तरीही दोन गोष्टी खटकतात. तोवर शहरात असे शेकडो निरोगी वाहक आढळले होते आणि बहुतेकांना कोणी कोंडून घातले नव्हते. शिवाय ज्या समाजाच्या सुरक्षेसाठी एका बाईचा हातचा धंदा काढून घेतला, त्या समाजाने तिला तेवढ्याच मिळकतीचे दुसरे काम लावून देण्याची जबाबदारी घेतली नाही. बंधन घालण्याचा अधिकार समाजाला आहे हे मी मानतो. पण ज्याच्यावर ते पडते त्याचे पोट कसे भरणार, याची तरतूद त्याच आदेशात असली पाहिजे.

प्रश्न : चेहरा ओळखणारी यंत्रणा ९९.९ टक्के अचूक असते असे सांगतात. मग गर्दीच्या ठिकाणी ती बसवायला विरोध कशासाठी?

उत्तर : टक्केवारीवर जाऊ नका, आकडे मांडून पाहा. समजा, एका स्थानकातून रोज १ लाख माणसे जातात आणि त्यांतली १० पोलिसांना हवी आहेत. यंत्रणा या दहापैकी नऊ जणांना ओळखते आणि निर्दोष माणसांच्या बाबतीत हजारात एकदाच चुकते. म्हणजे दिवसभरात खऱ्या सूचना ९ आणि खोट्या सुमारे १००. घंटा वाजल्यावर अडवलेल्या दर बारा माणसांतली अकरा निर्दोष असतील, आणि हे यंत्रणा जाहिरातीप्रमाणे चालली तर. मागचे फुटेज अंधुक असेल, कोन वाईट असेल, तर चुका वाढतातच.

अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये दुकानातल्या चोरीच्या अंधुक चित्रणावरून यंत्रणेने एका निर्दोष माणसाचा फोटो पुढे केला. जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्याला घरासमोर, पत्नी आणि मुलींच्या देखत बेड्या घातल्या आणि सुमारे ३० तास कोठडीत ठेवले. २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार तेथे आता केवळ अशा जुळणीच्या आधारे अटक करता येत नाही. हा नियम यंत्रणा बसवण्याच्या दिवशीच करायला हवा होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणखी एक धोका अचूकतेशी संबंधित नाही. यंत्रणा एका कामासाठी येते आणि दुसऱ्या कामाला लागते. साथीच्या काळात सिंगापूरने संपर्कात आलेली माणसे शोधण्यासाठी ॲप आणले, तेव्हा माहिती फक्त त्याच कामासाठी वापरली जाईल असे सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने संसदेत मान्य केले की गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना ती मागता येते. लोकांची नाराजी पाहून पुढच्याच महिन्यात कायदा करून हा वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता मर्यादित केला गेला. सरकारने चूक कबूल केली याचे श्रेय द्यायला हवे, पण ज्यांनी पहिल्या शब्दावर विश्वास ठेवून ॲप घेतले होते त्यांच्याशी झालेला करार परस्पर बदलला होता, हेही खरे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्या निकालात मांडलेली कसोटी कोणत्याही देशात लावून पाहण्यासारखी आहे : बंधनाला कायद्याचा आधार आहे का, त्यामागे राज्याचा वैध हेतू आहे का, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात आहे का. मी त्यात माझ्याकडून एक भर घालतो. मुदत कोणती? ज्या प्रस्तावात शेवटची तारीख नाही, त्यावर मी सही करणार नाही.

प्रश्न : फोनवरचे संदेश एन्क्रिप्ट, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील असे कुलूपबंद, झाल्यामुळे तपास यंत्रणांना काहीच कळत नाही. फक्त पोलिसांना उघडता येईल असे एक चोरदार ठेवायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत एवढीच की ‘फक्त पोलिसांना’ उघडणारे दार बनवता येत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाळ्यात न्यायालयीन परवानगीने फोन ऐकण्यासाठी ठेवलेली सोय अज्ञात घुसखोरांनी गुपचूप चालू केली आणि शंभराहून अधिक फोन कित्येक महिने ऐकले. त्यांत पंतप्रधान कोस्तास कारामान्लीस यांचाही फोन होता. पाठवलेले संदेश पोहोचत नाहीत अशा अडचणी आल्या, तेव्हा शोध घेताना हा प्रकार उघडकीस आला. संदेश नीट पोहोचत राहिले असते, तर ही गोष्ट आणखी किती काळ चालली असती कोण जाणे.

आपल्या प्रश्नामागची कळकळ मात्र मी डावलत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे १४ जणांची हत्या झाली आणि हल्लेखोराचा आयफोन उघडून देण्यासाठी एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने ॲपलविरुद्ध न्यायालयाचा आदेश मिळवला. कंपनीने नकार दिला, कारण तिला एका फोनसाठी जे सॉफ्टवेअर तयार करावे लागले असते ते इतर फोनवरही चालले असते. मार्च २०१६ मध्ये एफबीआयने तिसऱ्याच कोणाच्या मदतीने तो फोन उघडला आणि दावा मागे घेतला. मला या शेवटात उत्तराची दिशा दिसते. न्यायालयाच्या आदेशाने एका संशयिताचा एक फोन ताब्यात घेऊन तो उघडण्यासाठी धडपडणे हे खर्चिक आणि वेळखाऊ असते, आणि ते तसेच असावे. खर्च पडतो म्हणूनच ते ऊठसूट कोणाच्याही बाबतीत केले जात नाही. काही गुन्हे त्यामुळे उशिरा उलगडतील, काही उलगडणारही नाहीत. ही किंमत खरी आहे आणि एन्क्रिप्शनची बाजू घेणाऱ्यांनी ती झाकून ठेवू नये. पण चोरदार असले तरी सराईत गुन्हेगार दुसरे ॲप शोधतो आणि उघडी पडतात ती साधी माणसे, ज्यांचे बँकेचे व्यवहार, आजारपणाची कागदपत्रे आणि घरातली भांडणे याच फोनमध्ये असतात.

प्रश्न : मी समुपदेशक आहे. समोर बसलेली व्यक्ती कोणाला तरी इजा करण्याविषयी बोलली, तर मी गुपित राखावे की कळवावे?

उत्तर : कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७६ मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता, तेथे एका तरुणीचा खून आधीच झालेला होता. जिथे इतरांच्या जिवाला धोका सुरू होतो तिथे गुप्ततेचे संरक्षण संपते, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्ष कर्तव्य कोठे आणि किती हे आपल्याकडील कायद्यावर अवलंबून असते, ते जाणकाराकडून समजून घ्या. संतापाच्या भरात ‘त्याला मारूनच टाकतो’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. नाव, साधन आणि वेळ या तिन्हींचा उल्लेख आला की मात्र कान टवकारावेत. आणि ही मर्यादा पहिल्याच भेटीत, समोरची व्यक्ती मन मोकळे करण्याआधी, स्पष्ट सांगून ठेवावी.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती आंघोळीला गेली की मी तिचा फोन उघडून पाहते. आजवर काही वावगे आढळले नाही, पण राहवत नाही. तिच्या भल्यासाठीच करते आहे ना?

उत्तर : भल्यासाठीच करता, याविषयी मला शंका नाही. पण आपण हे तिच्या आंघोळीच्या वेळी करता, यावरून आपल्यालाही त्यात काहीतरी खटकते आहे असे दिसते.

बालकांच्या हक्कांविषयी १९८९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात मुलांच्या खासगीपणाला स्वतंत्र कलम दिलेले आहे, आणि त्याच करारात त्यांचे रक्षण करण्याची जबाबदारीही पालकांवर टाकलेली आहे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळायची असतात, म्हणून पालकपण अवघड. अनोळखी माणूस तिला भेटायला बोलावतो आहे, कोणी धमकावते आहे, तिला स्वतःला इजा करावीशी वाटते आहे, असे ठोस चिन्ह दिसले तर फोन जरूर पाहा. पण पाहिल्याचे त्याच दिवशी तिला सांगा. असे काही नसताना चोरून पाहण्याचा धोका वेगळाच आहे. उद्या खरोखरच काही आढळले, तर आपल्याला ते कसे कळले हे सांगता येणार नाही, आणि ज्या क्षणी तिला आपली सर्वांत जास्त गरज असेल त्याच क्षणी भांडण फोन उघडण्यावरून होईल.

माझे सुचवणे असे आहे. आजवर फोन पाहत होते, हे तिला सांगून टाका. दोन दिवस अबोला सहन करावा लागेल. मग ती कोठे आहे हे लोकेशनवरून दोघींनाही एकमेकींचे दिसेल, संदेश मात्र तिचेच राहतील, असे काही ठरवा आणि ते सहा महिन्यांनी पुन्हा बोलून बदलायचे हेही ठरवा. आपले लोकेशन तिला दिसू देण्याची कल्पना नको वाटली, तर तिला काय वाटत असेल हे आपोआप कळेल.

प्रश्न : समोरच्या घराच्या दारावर शेजाऱ्यांनी कॅमेरा बसवला आहे. आमचे दार उघडले की घरातले दिसते. त्यांच्याकडे पूर्वी चोरी झाल्यामुळे बोलायला संकोच वाटतो.

उत्तर : त्यांची भीती खरी आहे आणि आपली हरकतही रास्त आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये असे ठरवले की, घरावर लावलेला कॅमेरा सार्वजनिक जागेचेही चित्रण करत असेल तर तो निव्वळ घरगुती मामला राहत नाही. आपल्याकडे तक्रारीचा मार्ग कोणता, हे स्थानिक नियमांवर ठरेल. पण तक्रारीपर्यंत जाण्याआधी एकदा त्यांच्याकडे जा आणि कॅमेऱ्याची चौकट त्यांच्याच मोबाइलवर त्यांच्यासोबत पाहा. आपल्या घरातले किती दिसते, याची बऱ्याचदा बसवणाऱ्यालाही कल्पना नसते. कॅमेरा थोडासा वळवून त्यांचे दार आणि जिना तेवढा दिसेल असे करता येते. तेही जमत नसेल, तर अनेक कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये चौकटीचा नको तो भाग काळा करण्याची सोय असते. चित्रण किती दिवस राहते आणि घरातल्या किती जणांच्या फोनवर ते दिसते, हेही विचारून घ्या. आवाज मुद्रित होतो का, हे विचारायला मात्र विसरू नका. कॅमेरा वळवला तरी दारातले बोलणे मायक्रोफोनला पूर्वीइतकेच ऐकू येते, तेव्हा तो सर्वांत आधी बंद करायला सांगा.